आईच्या आवाजातला स्टार्टर

"तवनाप्पा, तुमचा डबा बोलतोय! वायरसुद्धा जोडलेली नाही हो. आधी इकडं या!"

सरकारी तपासणीच्या प्रयोगशाळेतून शिवांजली मॅडमचा फोन आला, आणि माधवनगरचा तवनाप्पा हातातलं काम टाकून निघाला. तो शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवायचा. घरातून फोन लावला की रानातली मोटर सुरू. मंजुरीत गडी दोनदा नापास झालेला. आता तिसऱ्यांदा गेलं, तर कारखान्याला कुलूप ठरलेलं.

सांगलीला पोचेपर्यंत दिवस कलला होता. मॅडम दाराबाहेरच उभ्या. आत सगळी यंत्रं बंद, आणि टेबलावरचा डबा एकाएकी खट्ट वाजला.

"चालू झाली बाबा मोटर. पानी वाया घालवू नगा."

तवनाप्पाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज त्याच्या आईचा होता, आणि आई जाऊन वर्ष झालं होतं.

"भिऊ नगासा," तो म्हणाला खरा, पण स्वतःच दोन पावलं मागं सरकला. "आई हुती तवाच भरून घेतलाय आवाज. म्हातारं माणूस दटावतंय म्हटल्यावर लोक पानी जपून सोडत्यात."

"पण आत्ता तिला बोलायला कोण लावतंय?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. कोरा डबा पाठवायचा सोडून या शहाण्याने आष्ट्याचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या लालासाहेबांच्या उसातला काढून पाठवला होता. का, तर म्हणे उन्हाळा काढलेला, तावूनसुलाखून निघालेला डबा! आतलं सिमकार्ड काढायचं राहिलं, बॅटरीही भरलेली. त्याने लालासाहेबांना फोन लावला.

"काका, मोटरीला जुन्याच नंबरवर फोन लावताय काय?"

"सकाळधरनं लावतोय की रं! म्हातारी 'चालू झाली' म्हनती, आन् रानात थेंब न्हाई. लय लबाड बाई!"

"आवं, बदली डब्याचा नंबर दिलाय की तुमास्नी!"

"आरं, व्हय की गड्या!"

तवनाप्पा हसला, मॅडमही हसल्या. त्याने सिम काढलं, बॅटरी काढली, दोन्ही टेबलावर ठेवली. "झालं. आता बोलतीय कशी?"

खिडकीतलं ऊन विझत आलं होतं. डबा पुन्हा खट्ट वाजला.

"तवना, दिवस बुडाय लागला. जेवलास का न्हाई रं?"

हे काही त्याने भरलेलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत जेवायचा जैनांचा नेम आईने जन्मभर मागे लागून पाळायला लावला होता, आणि ती गेल्यावर त्याने तो पार गुंडाळून ठेवला होता. भीती कुठल्या कुठे गेली, डोळे भरून आले.

"जेवतो, आई," तो पुटपुटला.

बाकीच्या चाचण्या झाल्याच होत्या. मॅडमनी चटकन शिक्का मारला. "पास! न्या हा इथून, आत्ताच्या आत्ता!"

कारखाना वाचला! डबा उराशी धरून तो दारापर्यंत गेला, तोच मागून मॅडमनी अट ऐकवली.

"आणि लक्षात ठेवा, यापुढं विकाल तो प्रत्येक स्टार्टर तंतोतंत ह्या नमुन्यासारखाच निघाला पाहिजे!"