नैवेद्याआधीचा मोदक

साळवेकाकांना उकडीचे मोदक जिवापाड आवडतात. पण ताट हातात घेण्याआधी ते दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, "आधीचा की नंतरचा?"

म्हणजे नैवेद्याच्या. नंतरचा असेल तर काका हात लावत नाहीत. मूर्तीपुढे ठेवलेलं खावं की खाऊ नये यावर त्यांच्या पवित्र शास्त्रात बरीच चर्चा आहे म्हणे, आणि ज्या मालावर एवढी चर्चा होते तो माल उचलू नये असं काकांचं मत. बरं, आधीचा द्यावा, तर मध्ये आमच्या सासूबाई उभ्या. सासूबाई चिपळूणच्या. नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाकघरात कुणी वास जरी जोरात घेतला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "देवाच्या आधी माणूस जेवला असं माझ्या घरात झालं नाही, होणार नाही," हे त्यांचं शास्त्र.

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत या दोन शास्त्रांमध्ये शेवटी तह झाला. ताटं दोन करायची. घंटा वाजली की एक देवापुढे आणि त्याच क्षणी दुसरं दाराबाहेर. ना आधी, ना नंतर. दारात साळवेकाकांची मुलगी रूथ उभी असायची. ताट मिळालं की ती दोन मजले अशी धावत सुटायची की मागे देव लागलाय! वरून काकांचा आवाज यायचा, "घंटेला निघालं का?" "घंटेला, पप्पा!" मग डोळे मिटून काकांची प्रार्थना. ती लांबलचक. मोदक निवेपर्यंत चालणारी.

काका मूळचे नगरकडचे, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. सगळी नोकरी न्हावा शेवा बंदरात गेली. कंटेनरची कागदपत्रं तपासून माल सोडवायचा, हे काम. रिटायर झाले, पण कस्टमचं भूत काही उतरलं नाही. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या दृष्टीने एकतर 'क्लिअर' असते, नाहीतर 'होल्डवर'. सोसायटीच्या सत्यनारायणाची वर्गणी? "पूजेला नाही, लायटिंगपुरती क्लिअर." मोबाइलवर आलेला 'अकरा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल' हा मेसेज? "पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. माल जप्त." पुतण्याने मोबाइलकडून प्रार्थना लिहून घेतली, तेव्हा काका दोन दिवस अस्वस्थ होते. "प्रार्थना यंत्राने केली, मग आशीर्वाद कुणाच्या नावावर उतरवायचा? हे होल्डवर."

चर्चमध्ये तर ते पाळकसाहेबांची परीक्षाच घेतात. पाळकसाहेब तरुण आहेत, बिचारे घाबरतात. उपदेश ऐन रंगात आला की तिसऱ्या बाकावरून हात वर होतो. "नोहाने तारवात जोडी-जोडीने जनावरं चढवली, मान्य. यादी कुणी तपासली?" "पूर्वेकडच्या ज्ञानी मागी लोकांनी बाळ येशूसाठी परदेशातून सोनं आणलं. डिक्लेअर केलं होतं का?" हरवलेल्या मेंढराची गोष्ट तर त्यांना मुळीच पटत नाही. "एकासाठी मेंढपाळ गेला, ठीक. बाकीची नव्याण्णव रानात कुणाच्या ताब्यात दिली, साहेब?" नाताळच्या एका उपासनेला मी गेले होते, तेव्हा हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. हसू दाबता दाबता माझा पदर तोंडात गेला होता.

नाताळला त्यांचं ताट आमच्याकडे यायचं. करंज्या, चकल्या आणि केक. मग सासूबाईंची पाळी. "अंडं?" काका छातीवर हात ठेवून सांगायचे, "वहिनी, नाही." त्यांची बायको मार्था गेल्यावरही केक चुकला नाही. फक्त तो जरा दगडासारखा व्हायला लागला. सासूबाई कवळी सांभाळत खायच्या आणि छान झालाय म्हणायच्या.

आणि मग रूथने लग्न ठरवलं. मुलगा निखिल पाटील, घणसोली गावातला, आगरी. दोघं एका बँकेत कामाला. मुलगा चांगला, माणसं चांगली, पण घरात गणपती. रूथने आपलं चर्च सोडलं नव्हतं, निखिलने तसा आग्रहही धरला नव्हता. काका म्हणाले, "शास्त्रात याला आधार काय? मिळेपर्यंत होल्डवर." लग्न रजिस्टर झालं. काका गेले नाहीत. मला त्यांचा असा राग आला होता की आठवडाभर मी लिफ्टमध्ये त्यांच्याशी बोलले नाही. रूथही मानी. ती दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागली. बाप कोपरखैरण्यात, लेक घणसोलीत, मध्ये रिक्षाची दहा मिनिटं, आणि बोलणं बंद.

तेव्हापासून चतुर्थीला घंटेच्या वेळी काका स्वतःच दारात येऊन उभे राहतात. गुडघे दुखतात, तरी लिफ्टची वाट बघण्यात घंटा हुकेल म्हणून जिन्याने येतात. एकटेच ताट घेऊन एकटेच वर जातात.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते आठवण करून द्यायला आले. "वहिनी, उद्या घंटेला येतो."

सासूबाई नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येऊ नका. यंदा तुमचं ताट नाही."

"का? पिठी कमी पडली?"

"पिठी ढीगभर आहे. लेकीकडे गणपती बसतो ना? तिकडे जा नि खा."

"वहिनी, ते मॅटर होल्डवर आहे. आधार..."

"तिचं नाव रूथ कुणी ठेवलं?"

"मीच. शास्त्रातलं आहे."

"कोण होती ती?"

काका खुशीत येऊन सांगायला लागले. रूथ परमुलखातली, परजातीची. नवरा वारला, तरी सासूला सोडून माहेरी गेली नाही. सासूचे लोक ते आपले लोक म्हणाली आणि तिच्या मागोमाग चालत गेली. इथे सासूबाईंनी खवणी थांबवून माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. मी वेलची सोलत राहिले.

"म्हणजे परक्या घरात जाऊन नांदणारी मुलगी तुमच्या शास्त्राला चालते. तुम्हालाच चालत नाही."

"पण वहिनी, ती आपल्या बाजूला आली होती. ही पलीकडे गेली."

"पलीकडे कुठे गेली हो? घणसोलीला तर गेलीय!"

मला वाटलं, आता वाद रंगणार. पण काका स्टुलावर बसले आणि चष्मा पुसायला लागले. मग हळूच म्हणाले, "हा आधार मला लग्नाच्या आधीच सापडला होता, वहिनी."

"मग गेला का नाहीत?"

"तेव्हा रागात होतो. नंतर राग गेला, पण जायचं तोंड राहिलं नाही. तिने दारातच विचारलं, आता का आलात, तर माझ्याकडे कुठला पेपर आहे दाखवायला?"

खवणीवरचा नारळ तसाच राहिला. एवढी वर्षं आम्ही ज्याला हट्टी म्हणत होतो, तो माणूस नुसता घाबरलेला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी मात्र हुकूम सोडला, "मंजिरी, उद्या तू सोबत जायचंस. त्यांना एकटं सोडलंस तर हे रिक्षा अर्ध्यातून वळवतील."

दुसऱ्या दिवशी काका नाताळचा कोट-टाय घालून उतरले. हातात केकचा डबा. रिक्षात तीनदा म्हणाले, "मंजिरी, आज नको. गर्दी असेल." मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भाऊ, तुम्ही चला."

पाटलांच्या दारात चपलांचा ढीग होता. आरती नुकतीच संपलेली. आतून रूथ आली आणि बापाला पाहून जागीच थांबली. काकांनी टाय सारखा केला. ती वळून आत गेली. काकांनी माझा दंड घट्ट धरला.

रूथ परत आली ती झाकलेलं ताट घेऊन. काकांनी ताटाकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, "आधीचा... की नंतरचा?"

"आधीचा, पप्पा."

मागून तिच्या सासूबाई पदर खोचत पुढे आल्या. "दर साली देवाच्या आदी तुमचं ताट काढून ठेवते ती. सांजपर्यंत वाट बगते, मंग निखिलला देते. मी काय बोलत नाय. देव काय रुसनार हाय काय?"

काकांनी केकचा डबा माझ्या हातात दिला, ताट घेतलं आणि तिथेच उंबऱ्यात उभ्या उभ्या डोळे मिटले. प्रार्थना फार लांबली. मोदक पार निवून गेले. पण रूथने बापाच्या कोटाची बाही धरून ठेवली होती, आणि पाटलांच्या भरल्या घरात कुणीही त्यांना घाई केली नाही.