गेनूचा डावा पाय

डावा पाय आधी टाकायचा म्हणून गेनूने उंबऱ्याशी पाय बदलला, पायात पाय अडकला आणि भावी सासऱ्यांच्या पुढ्यात तो सपशेल आडवा झाला. मुलगी बघायला आलेल्या मुलाने आत शिरतानाच असा साष्टांग नमस्कार घातलेला भोंगवलीत कुणी पाहिला नव्हता. मानसिंगराव मिशीवरून हात फिरवत राहिले. बाजारात मडकं घेतानासुद्धा ते चारदा वाजवून बघत. इथे तर पोटची पोर द्यायची होती.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई न्हाई," गेनूचे चुलते सोनबा घाईने म्हणाले, "यष्टीत बसून पाय आकडला पोराचा."

पोहे आले. फुला बशी ठेवून वळली आणि गेनूला ती पाहताक्षणी आवडली. त्या भरात त्याने डावा हात पोह्यात घातला. सोनबांनी चिमटा काढेपर्यंत घास तोंडात गेला होता.

मानसिंगरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावा पाय, डावा हात! पोराचं उजवं अंग लुळं तर नाही?

"जरा चालून दाखवा," ते म्हणाले.

"कोन, फुला?" त्यांचा मुलगा दादू चकित झाला.

"फुला न्हाई. नवरदेव!"

गेनू उठला. एरवी तो आपल्या गावच्या, वेल्ह्याच्या चढावर बकऱ्यासारखा पळे. पण आता प्रत्येक पाऊल मोजून टाकायला गेला आणि चालणंच विसरला. डावा पाय पुढे, उजवा कुठे ठेवावा ते कळेना, हात दोन्ही एकाच बाजूला. दाराआडून बायका खुसखुसल्या.

"सोनबा, पोराला लकवा हाय, आन् तुमी लपवताय!" मानसिंगराव कडाडले. "पोरगी देनार न्हाई आमी."

गेनूने दाराकडे पाहिलं. फुलाचं तोंड उतरलं होतं. मग मात्र त्याला राहवेना.

"लकवा न्हाई वो! म्या हुतूतू खेळतो. चढाईत माजा पाय उजव्या अंगालाच पडतो. समद्या तालुक्याला म्हाईत झालंय, दर साली तिथंच धरत्यात. मास्तर म्हनले, समदी कामं डाव्यानं कर, म्हंजी अंगाची खोड मोडंल. औंदा म्या डावीकडनं जानार हाय."

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. त्याला दर साली धरणारा भोंगवलीचा कप्तान दादू समोरच बसला होता. दादूच्या चेहऱ्यावर दिवाळी उगवली. मानसिंगरावांनी गेनूचं उजवं मनगट पिळून पाहिलं, पोटरी दाबली आणि मान डोलावली. सोयरीक ठरली. डाव फोडला म्हणून सोनबा परतीच्या यष्टीत पुतण्याला वेल्हे येईपर्यंत शिव्या घालत होते.

भोरला भोंगवलीशी झालेल्या सामन्यात अखेरची चढाई गेनूचीच आली. समोर दादूने सगळे गडी गेनूच्या डाव्या हाताला दाटीने उभे केले होते. उजवीकडे एक किरकोळ पोरगा, तोही नखं खात. आता काय करावं, याचा विचार करायला गेनूला सवडच नव्हती. दम कोंडला, कानात गलका घुमला आणि त्याचा पाय त्याला न विचारता, जन्मभर जात होता तिकडेच गेला. पोराला लाथ लागली, गेनू परत आला, वेल्हे जिंकलं.

वेल्हेकर नाचत होते आणि गर्दीतून फेटा सावरत मानसिंगराव येत होते. सोयरीक मोडली, असं गेनूला वाटलं.

"आमच्या घरात बसून, आमचं पोहं खाऊन खोटं बोललास?"

"आन घ्येतो, खरंच बोललो व्हतो! पाय ऐकला न्हाई वो."

"पुन्यांदा खोटं!"

मानसिंगरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ते दादूकडे वळले.

"बघ, शीक कायतरी. त्वांडावर थाप मारतोय, पर डोळा लवत न्हाई. मला वाटलं व्हतं, जावई भोळसट मिळतोय. ह्याला बाजारात कुनी फसवनार न्हाई. तारीख धरा, सोनबा!"

गेनूने खुलासा करायला तोंड उघडलं. सोनबांनी त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की ते आपोआप मिटलं.

लग्न थाटात झालं. फुलाचा संसार चांगला चालला. पण सासुरवाडीच्या पंगतीत गेनूने पोट भरलं म्हणून ताटावर हात आडवा धरला, की मानसिंगराव कौतुकाने हसत आणि वाढप्याला हाक मारत,

"वाढ रं त्येला! खोटं बोलतोय."