साहेबांची दाढ आणि आठ जवान

सन एकोणीसशे ऐंशी. जळत्या गोदामातून तीन माणसं खांद्यावर टाकून आणलेले अग्निशमन दलाचे साहेब त्या वर्षी एका दाढेपुढे हात टेकून बसले. दोन रात्री ते गाल धरून घरभर येरझाऱ्या घालत होते. बायको शाळेच्या परीक्षांच्या कामाला परगावी गेलेली, त्यामुळे हा सोहळा पाहायला घरात एकट्या सासूबाई. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जावयाला हाताला धरून दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

दाढ काढावी लागणार हे ऐकताच साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरबाईंना असे पेशंट रोजचेच होते. "घाबरणाऱ्यांसाठी तीन उपाय आहेत. नाकावर मुखवटा लावून गॅस देते, मन हलकं होतं."

"आयुष्य धुरात गेलं माझं. आता नाकाला गॅस लावून घेऊ?"

"मग हाताच्या शिरेतून इंजेक्शन."

"सुई?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"मग गोळी. तीन वाजता घ्या, चारला या. गुंगी येते, भीती जाते. फक्त सोबत घरचं जबाबदार माणूस हवं."

"मी आहे ना!" सासूबाई म्हणाल्या.

जिन्यात साहेबांनी त्यांचा हात धरला. "आई, हे माझ्या जवानांना कळता कामा नये. दाढेला घाबरणाऱ्याच्या हुकमावर उद्या आगीत कोण उडी घेईल?"

"माझ्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही," सासूबाईंनी वचन दिलं.

तीनला गोळी पोटात गेली. साडेतीनला साहेब टॅक्सीत गाणं गुणगुणत होते. पावणेचारला दवाखान्याच्या दारात त्यांचं डोकं सासूबाईंच्या खांद्यावर, आणि घोरणं असं की टॅक्सीच्या काचा थरथराव्यात. चिमटे काढून झाले, तोंडावर पाणी मारून झालं. साहेब ढिम्म.

"आजी," टॅक्सीवाला म्हणाला, "हे उतरणार आहेत, की टॅक्सीबरोबरच घरी नेऊ?"

डॉक्टरबाई धावत खाली आल्या, नाडी पाहिली. "नाडी छान आहे. पण दोन रात्रींची झोप तुंबलीय हे सकाळी सांगायचं नाही का? गोळीला आयतं निमित्त झालं. वर आणा, माझ्या नजरेखाली राहू देत."

वर म्हणजे तिसरा मजला. लिफ्ट बंद. साहेबांचं वजन पंच्याण्णव किलो. टॅक्सीवाला हडकुळा, डॉक्टरबाई पाच फूट, सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. त्यांनी पदर खोचला आणि तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानातून त्यांना तोंडपाठ असलेल्या एकमेव नंबरावर, म्हणजे जावयाच्या अग्निशमन केंद्रात, फोन लावला.

"हे बघ, दोन दणकट माणसं हवीत. गुपचूप पाठव."

"गुपचूप?" ड्यूटीवरचा जवान गोंधळला. "आजी, मदतीची वर्दी आली की गाडी, चालक, शिडी आणि आठ माणसं. साहेबांचा नियम आहे."

"बरं, पण घंटा वाजवू नका रे!"

"घंटेशिवाय गाडी हलली तर साहेब सोलून काढतील आम्हाला! अडकलंय कोण?"

"आहेत एक गृहस्थ," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सात मिनिटांत घंटेने रस्ता दणाणला. खिडक्या उघडल्या, न्हावी अर्धी दाढी सोडून बाहेर आला, शेपन्नास माणसं जमली. सगळ्यात जुन्या जवानाने टॅक्सीचं दार उघडलं आणि तो खांबासारखा उभाच राहिला.

"साहेब? काय झालं साहेबांना?"

सासूबाईंना दिलेलं वचन आठवलं. पण आठ जणांचे चेहरे असे उतरले, की त्यांना राहवेना. "अरे, जिवंत आहेत! दाढ काढायचीय, म्हणून गोळी घेऊन झोपलेत!"

कुणीही हसलं नाही. आठांनी साहेबांना स्ट्रेचरवर बांधलं आणि "सांभाळून, डावीकडे, वळण आलं!" करत तीन जिने चढून खुर्चीत ठेवलं.

"हाकेला ओ देईपर्यंत मी काही करणार नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं. तासभर सगळे वाट पाहत उभे राहिले. शेवटी खाली चालकाने गाडी वळवायला घेतली. वळवतानाही घंटा, हाही साहेबांचाच नियम. ठण ठण ठण! साहेबांनी डोळे उघडले आणि जबडा फाकवून गर्जना केली, "पाणी सोडा!"

"ऐकू येतंय ना मी काय म्हणते ते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"येतंय!"

"मग आता तोंड असंच उघडं ठेवा!" डॉक्टरबाई ओरडल्या. हिरडी बधिर झाली, आणि दहा मिनिटांत दाढ ताटलीत.

मग साहेबांची नजर दाराकडे गेली. दारात आठ हेल्मेटं. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी छताकडे.

जुना जवान पुढे आला. "साहेब, एक विचारू?"

"विचार," साहेब कापसातून पुटपुटले. सगळं संपलं असं त्यांना वाटलं.

"ही गोळी आम्हालाही मिळते का?" त्याने तोंड उघडून काळी पडलेली दाढ दाखवली. "दोन वर्षं झाली. तुम्ही हसाल म्हणून बोललो नाही."

"माझ्या तर दोन आहेत," मागून आवाज आला. "माझा सुळा!" "साहेब, माझी अक्कलदाढ!"

आठांपैकी सहा जण दुखऱ्या दातांचे निघाले. साहेब लटपटत उभे राहिले, त्यांचे डोळे चमकले. "रांगेत उभे राहा!"

"एका दिवशी एकच!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि सोबत घरचं माणूस हवं."

सहाही जणांनी एकदम विचारलं, "आजी चालतील?"

आजी सहाही वेळा गेल्या. जुना जवान पुढे निवृत्त होऊन नातवंडांना दात घासायला लावण्यात कडक म्हणून प्रसिद्ध झाला. टॅक्सीवाला डॉक्टरबाईंच्या पेशंटांची ने-आण करू लागला. डॉक्टरबाईंनी तळमजल्यावर जागा घेतली. साहेबांच्या हुकमावर जवान आणखी बारा वर्षं आगीत शिरले, आणि एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

सासूबाईंची दाढ तीन वर्षांनी दुखली. त्या जावयाला सोबत घेऊन गेल्या, गोळी नको म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी सुई उचलली तेव्हा त्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याचा हात गच्च धरला. कुणी कुणाचा, ते डॉक्टरबाईंनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.