दुसऱ्या प्रवेशातलं दार

स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी मेस्त्री बाईंनी प्लायवूडवर रंगवलेलं दार मंगळवारच्या तालमीत उघडलं आणि थेट बाईंच्या मालवणच्या घरात निघालं.

चूक बाईंचीच. बार्शीच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, आणि बावीस वर्षं नाटकाचा सेटही त्यांच्याच गळ्यात होता. यंदा त्यात मतदार याद्यांचं काम आलं. दमल्या जिवाला नवं दार सुचेना, म्हणून त्यांनी वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, स्वतः घडवलेलं घरचं दार आठवेल तसं उतरवलं. घरचंच दार काढल्यावर ते घरीच उघडणार, त्याला दाराने तरी काय करावं?

नाटकात सासू झालेली नववीतली प्रांजल "चहा आणते" म्हणून आत गेली, ती अर्ध्या तासाने खरा चहा घेऊन परतली.

"बाई, तुमचे आप्पा लई बोलत्यात," ती म्हणाली. "एकलेच हायती. मला सोडीनातच."

बाईंनी तिच्या हातातला कप घेतला. गणपतीनंतर त्या घरी गेल्या नव्हत्या. बदलीचे सात अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. चहा त्यांनी घोटभर घेतला. आप्पांच्या हातचाच होता, साखर जास्त.

गुरुवारपर्यंत तालमीचा बट्ट्याबोळ झाला. आत गेलेला जावई पेज जेवत बसे आणि बाहेर सून एकटीच भांडत उभी राही. शेवटी मुख्याध्यापक गवाणकर सर पाहणीला आले. त्यांनी दार दोनदा उघडून बंद केलं.

"काम सुबक आहे," ते म्हणाले. "पण मुलं जिल्ह्याबाहेर जातात, म्हणजे ही सहल झाली. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं पालकांचं संमतीपत्र हवं. नाहीतर या दाराचं कपाट करून टाका."

बाईंनी ब्रश उचलला. तेवढ्यात पलीकडून खोकला ऐकू आला.

"कोण आसा गो? आज कोणूच येवक नाय."

बाईंना स्वतःची लाज वाटली. मुलं तीन दिवस आप्पांकडे जाऊन येत होती आणि त्या मात्र इकडे विंगेत उभ्या राहून संवाद सांगत होत्या. आत गेलो तर परत यायचं बळ उरणार नाही, ही त्यांची खरी भीती होती.

त्यांनी ब्रश ठेवला आणि संमतीपत्राचा कोरा नमुना भरला. विद्यार्थ्याच्या नावापुढे स्वतःचं नाव लिहिलं. ठिकाण, घर.

सरांनी कागद नीट वाचला. "पालकांची सही राहिली."

"पालक पलीकडे आहेत, सर."

"मग घेऊन या. सहीशिवाय मला सोडता येणार नाही."

बाई चपला काढून आत गेल्या. प्रांजलही मागोमाग गेली आणि थोड्या वेळाने कागद घेऊन एकटीच परतली. आप्पांनी सुतारी पेन्सिलीने ठसठशीत सही केली होती. 'परतण्याची वेळ' या रकान्यापाशी ते अडले होते म्हणे. "हय काय लिवचा?" असं त्यांनी विचारलं, पण बाई उत्तर द्यायच्या आधीच ओटीवर आडव्या झाल्या होत्या. मग त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिलं होतं: तिची झोप झाल्यावर.

सरांनी शिक्का मारला, तारीख घातली आणि मुलांना सूचना दिली.

शनिवारी नाटक झालं. दुसऱ्या प्रवेशात सगळी पात्रं हळू आवाजात भांडली.