दुसरी खबर

"एकदाच सांगितलंस होय? मग कशाला येतेत ते!"

शेजारच्या कमलमावशी टँकरच्या पाइपाखाली घागर धरून सुनेला म्हणत होत्या. मी कळशी घेऊन रांगेत उभी होते. ज्यांच्याविषयी हे चाललं होतं ते शेटकार सर आमच्या घराच्या ओट्यावर दोन घागरी आणि एक बादली समोर मांडून शांत बसले होते. टँकरचा गलका तिथपर्यंत ऐकू जात होता. मावशींची सून स्वतः जाऊन 'टँकर आलंय सर' असं सांगूनही आली होती. पण ते एकदाच. सरांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागते. पहिल्या सांगण्यावर ते फक्त मान हलवतात.

मी नांदेडची. लातूरला एका कॉलेजात शिकवायला लागले आणि सरांच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली. सर त्याच कॉलेजात माझाच विषय, जीवशास्त्र, शिकवत, निवृत्तीला टेकलेले. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तो उन्हाळा. बोलणं मला आधीपासून जमत नाही. सगळं शिक्षण इंग्रजीत झाल्यामुळं मराठी वाक्य आधी मनात तपासून घ्यावं लागतं आणि ते तपासून होईपर्यंत विषय बदललेला असतो. सरांना माझा हा स्वभाव पसंत होता. "मॅडम एकदासुद्धा बोलत न्हाईत," ते कौतुकानं सांगत, "त्यामुळं दुसऱ्यांदाची वाट बघायचा तरास न्हाई."

या सवयीचं मूळ मला त्यांच्या वर्गात सापडलं. रोगप्रतिकाराचा धडा ते कसा घेतात हे बघायला मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते. सरांनी पोरांना एकेक वस्तू ओळखायला दिली. एकाला फक्त कडुलिंबाचा पाला कळणार, एकीला फक्त खडू, एकाला फक्त एसटीचं तिकीट. या झाल्या टी पेशी, हाताची घडी घालून बसलेल्या. मग एका मुलाच्या शर्टाला पाल्याची डहाळी टाचली. हा गस्तीवरचा, डेंड्रायटिक पेशी. त्यानं बाहेर जंतू पकडला, फाडला आणि त्याचा तुकडा छातीवर मिरवत तो गाठीत आला. गाठ म्हणजे आपल्या गळ्यात, काखेत सुजते ती. आता त्यानं बाकाबाकापुढं उभं राहून छाती दाखवायची.

पाला ओळखणारा पोरगा ताडकन उठला.

"बस खाली," सर म्हणाले. "ही पहिली खबर झाली. एका खबरीवर उठायचं न्हाई."

मग गस्तीवरच्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ही दुसरी खबर. आता कुठं तो उठला आणि बाकीच्यांना हाका मारत सुटला: तू प्रतिपिंडं बनव, तू जंतू गिळ, तू मार. हात का लागतो तेही सरांनी सांगितलं. आपल्याच अंगाचा तुकडा चुकून कुणी दाखवला आणि टी पेशी तेवढ्यावर उठली, तर शरीर स्वतःवरच तुटून पडेल. आणि ओळख पटली पण हात आलाच नाही, तर?

"तर ती पेशी मुकी पडती. मरत न्हाई. असती तिथंच. पण पुन्हा कुणी पाला दाखवला तरी उठत न्हाई."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

बाकी सगळं यातूनच आलेलं. दाराची कडी पहिल्यांदा वाजली तर पोरं असतील, दुसऱ्यांदा वाजली तर माणूस. चहाचं एकदा विचारलं तर विचारणाऱ्याची रीत, दुसऱ्यांदा विचारलं तर चहा. सर मूळचे उदगीरचे. उदगीर नवा जिल्हा झाला अशी आवई उठली तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी पेढे वाटले. सगळ्यांनी खाल्ले. सरांनी आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाले, "दुसरी खबर आली की खातो." ती आली नाही. पेढ्याला मुंग्या लागल्या, खिसाही धुवावा लागला आणि धुवायला पाणी नव्हतं. पण जिल्हा झाला नाही तो नाहीच, त्यामुळं सरांचा नियम त्या दिवसापासून दगडावर कोरल्यासारखा झाला.

सरांच्या पत्नी, काकू, होत्या तोवर हे निभलं. त्या चुलीपाशी एकदा आणि ओट्यावर एकदा अशी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत, असं कमलमावशी म्हणतात. काकूंनंतर ओट्यावर सांगणारं कुणी उरलं नाही. सर टँकरपाशी पोचत तेव्हा पाइपातून गढूळ करंगळीएवढी धार येत असे. मग मी माझ्या कळशीतलं अर्धं पाणी त्यांच्या बादलीत ओतायची. हे मात्र न बोलता जमायचं.

परीक्षा संपल्या आणि सरांच्या दाराशी एक सुटकेस दिसू लागली. कुलूप लावलेली, वर घडी केलेल्या धोतर-पंच्याचं बोचकं. मला वाटलं, निघाले. पण सुटकेस हलेना. येता-जाता माझा पाय तिला लागायचा. शेवटी मावशींनीच विचारलं, तेव्हा कळलं. हैदराबादला असलेली त्यांची मुलगी, सुवर्णाताई, फोनवर म्हणाली होती, "अप्पा, पाऊस पडेपर्यंत इकडंच या."

"मग जा की," मावशी म्हणाल्या.

"एकदाच म्हनली."

"बरं, मी म्हनते दुसऱ्यांदा. जावा."

"तसं चालत न्हाई मावशी. ज्या पेशीनं पाला दाखवला तिचाच हात लागतो. वाटंनं जाणाऱ्याचा न्हाई."

मावशींनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. मी सुटकेसकडं बघितलं.

त्यानंतर सुवर्णाताईचे फोन येत राहिले. जिन्यावरून ऐकू यायचे. पाण्याचं काय, गुडघ्याचं काय, इकडंही ऊन फार आहे. सर प्रत्येक फोनला सुटकेसशेजारी येऊन उभे राहत आणि फोन संपला की पुन्हा खुर्चीवर जाऊन बसत.

सुट्टीत मी नांदेडला निघाले त्या दिवशी, दुपारी, किल्ली द्यायला खाली आले. सर ओट्यावर होते. माझी बॅग बघून म्हणाले, "तुम्हाला घरून दोनदा फोन आला असंल." मी मान हलवली. मग त्यांनी, मी काही न विचारता, काकूंचं सांगितलं. लग्नानंतर काकू एकदा म्हणाल्या होत्या, मला बी.एड. करायचंय. सरांना ते आवडलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्यांदाची वाट बघितली.

"बाकी सगळं दोनदा सांगायची, मॅडम. तेवढं एकच दुसऱ्यांदा म्हनली न्हाई. मला वाटलं, मनातून गेलं असंल."

"तुम्ही तेव्हा काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? ऐकलं."

"आणि सुवर्णाताईला?"

"ऐकलं."

वर्गात हाताची घडी घालून बसलेली ती पोरं मला आठवली. तो धडा मीही पुढं शिकवणार होते, म्हणून थोडं वाचलं होतं. वाक्य मनात तपासत राहिले तर बस जाईल, हे मला कळत होतं. बस गेली तरी चालेल असं वाटलं.

"सर, टी पेशी नुसती बसून राहत नाही," मी म्हणाले. "ओळख पटली की आधी तीच आपला हात पुढं करते. तो लागला की समोरच्या पेशीला बळ येतं. मग त्या पेशीचा हात येतो, तुमची दुसरी खबर."



"आपल्या पुस्तकात बाण एकाच बाजूनं हाय," ते म्हणाले.

"बाण दोन्हीकडून असतो, सर."

"म्हणजे ती वाट बघत असंल…" कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

फोन त्यांच्या मांडीवर होता.

"ताईंना फोन लावा, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हात हलला नाही. कुणाला एक गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नाही. मी बॅग खाली ठेवली.

"फोन लावा, सर."