पाटावरच्या दोन काळ्या गिटारी

खंडेनवमीच्या सकाळी महाळुंग्याच्या त्या शेडमध्ये शिरल्या शिरल्या चिमाजीची नजर पाटावर गेली आणि तो जागीच थबकला. पाटावर दोन काळ्या गिटारी शेजारी शेजारी निजवलेल्या. दोघींना झेंडूचे हार, दोघींना हळदकुंकू. आणि काल संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं चिकटवलेल्या दोन चिठ्ठ्या, एकीवर 'लाकूड' आणि दुसरीवर 'कार्बन', दोन्ही गायब.

"मावशे, चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

"काढल्या की," झाडणारी कस्तुरामावशी म्हणाली. "सनाच्या दिशी अंगाला कागूद चिकटवून पूजा करत्यात व्हय? दोघींना वल्या फडक्यानं पुसलं. बघ, कशा जुळ्या दिसत्यात!" आणि तिनं केरसुणीच्या तालावर सूर लावला,

"दोघी साळू माझ्या काळ्या, बसल्या गं पाटावर,
कुकवाचं बोट माझं, अडलं गं वाटेवर..."

मावशीचं बोट अडलं होतं, चिमाजीचा तर श्वासच अडला.

ही शेड निरंजनसाहेबांची. इथं गाड्यांचे भाग बनायचे. कार्बन फायबरचं काळं कापड रसायनात भिजवायचं, साच्यात बसवायचं आणि खोलीएवढ्या भट्टीत भाजायचं, की पोलादाला लाजवील असा भाग तयार. साहेबांना गिटारीचा नाद. यंदा त्यांच्या मनानं घेतलं की गिटारसुद्धा अशीच करायची. लाकूड पावसात फुगतं, उन्हात तडकतं; कार्बनला ना ऊन, ना पाऊस. साच्यासाठी नमुना हवा, म्हणून त्यांनी घरच्या भिंतीवरची लाकडी गिटार काढून आणली आणि काळी रंगवून घेतली. ती गिटार विजयश्रीमॅडमनी लग्नाआधी, पहिल्या पगारातून त्यांना घेऊन दिलेली. मॅडम लोणावळ्याला माहेरी गेलेल्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"चिमाजी, हिला ओरखडा जरी गेला ना," साहेबांनी बजावलं होतं, "तर तुझं परमनंटचं लेटर विसर. आणि माझं घर मी विसरतो."

अंबाजोगाई सोडून सहा वर्षं झाली. सहा वर्षं चिमाजी कंत्राटावर होता. आज पूजेनंतर लेटरवर सही होणार होती. आणि आजच अकरा वाजता मुंबईच्या वाद्यांच्या मोठ्या पेढीच्या पूनममॅडम येणार होत्या. त्यांच्यासमोर कार्बनची गिटार दोन विटांवर ठेवून तिच्यावर दादासाहेब उभे राहणार होते. शेडची जागा दादासाहेबांची आणि वजन एकशे दहा किलो.

पण कुठल्या गिटारीवर?

चिमाजीनं दोन्ही उचलून पाहिल्या. घाईत दोन्ही सारख्याच जड लागल्या. तारा एकीलाही नव्हत्या. हुंगून पाहिलं, दोघींना उदबत्तीचा वास. शेवटी कान लावून बोटानं टकटक केलं. एक म्हणाली 'ढप', दुसरी म्हणाली 'टण'.

"ढपवाली लाकडाची," तो पुटपुटला. "निदान असावी, देवा."

साहेबांना विचारावं, तर लेटर गेलं. त्यानं ढपवाली छातीशी धरली आणि ठेवायला जागा शोधायला लागला. कपाटाला कुलूप होतं. टेबलाखाली पोरं लपंडाव खेळत होती. उरली भट्टी. सणाच्या दिवशी भट्टी कोण पेटवतंय? त्यानं गिटार आत ठेवली, दार लावलं आणि दाराला हारही घातला.

"लाकडी नीट आहे ना रे?" साहेबांनी येता येता विचारलं.

"एकदम बंदोबस्तात, साहेब."

अकरा वाजता पूनममॅडम आल्या. दादासाहेबांनी नारळ फोडला, चपला काढल्या आणि धोतराचा सोगा आवरला. चिमाजीनं डोळे गच्च मिटले. ढप कुठली, टण कुठली, हेच त्याला आता आठवेना.

"चढू का रं?"

"सावकाश, दादासाहेब," चिमाजी रडक्या आवाजात म्हणाला.

"सावकाश काय? आमी काय नवरी हाय व्हय, उंबऱ्यावर थबकायला?" दादासाहेब चढले. वर एकदा उडीही मारली. "छ्या! हूं का चूं न्हाई!"

चिमाजीनं डोळे उघडले. गिटार शाबूत होती. त्याच्या जिवात जीव आला, पण तो पाच मिनिटंच टिकला.

"मजबूत आहे," पूनममॅडम म्हणाल्या. "पण आमच्या गिऱ्हाइकांचं खरं दुखणं वेगळंय. गिटार उन्हात गाडीत राहते आणि लाकडाचे सांधे सुटतात."

निरंजनसाहेब हसले. "मला वाटलंच होतं विचाराल. म्हणून भट्टी कालच टायमरवर लावून ठेवली. दहापासून चालू आहे. शंभर डिग्री. चिमाजी, उघड दार."

चिमाजी भट्टीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. "साहेब, सणाच्या दिवशी... दार उघडू नये म्हणतात."

"कोण म्हनतं?" दादासाहेब गरजले. "नारळ आमी फोडलाय. सर बाजूला!"

दार उघडलं. आतून सुतारशाळेसारखा गरम वास आला. गिटारीच्या पाठीची फळी सुटून केळीच्या सालीसारखी वळली होती. मान एकीकडे आणि धड एकीकडे पडलेलं. वरचा झेंडूचा हार पापडासारखा वाळलेला.

निरंजनसाहेबांच्या ओठांवरचं हसू तिथंच थिजलं. त्यांनी सावकाश मान वळवून चिमाजीकडे पाहिलं. त्या नजरेत चिमाजीला अंबाजोगाईची परतीची एसटी दिसली.

"अरे वा!" पूनममॅडमनी टाळ्या वाजवल्या. "तुलनेसाठी खरी लाकडी भाजलीत? इतकं प्रामाणिक प्रात्यक्षिक मी कुठं पाहिलं नाही. आता तुमची ठेवा आत."

टणवाली गिटार अर्धा तास भाजून जशीच्या तशी बाहेर आली. पूनममॅडमनी तिथंच दोनशेची ऑर्डर दिली. "आणि हे तुकडे मी नेते हं. दुकानात काचेत ठेवीन."

"न्या ना," साहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मॅडमना वाटलं, आनंदाचं.

गाडी फाटकाबाहेर गेली. साहेबांनी खिशातून लेटर काढलं, सही केली, चिमाजीच्या हातात दिलं आणि खुर्चीत कोसळले. "तुझ्यामुळं ऑर्डर मिळाली, म्हणून परमनंट. आता दोघं मिळून विचार करू, विजयश्रीला काय सांगायचं."

"काय सांगायचंय?" दारातून आवाज आला.

विजयश्रीमॅडम बॅग हातात घेऊनच उभ्या होत्या. त्या सरळ पाटापाशी गेल्या आणि उरलेल्या एकुलत्या एका काळ्या गिटारीवरून त्यांनी हात फिरवला. ती अजून कोमट होती.

"भिंत रिकामी दिसली तेव्हाच ओळखलं. निरंजन, माझ्या गिटारीला काळा रंग फासलास?"

साहेबांनी चिमाजीकडे पाहिलं. चिमाजीनं साहेबांकडे पाहिलं. दोघांनी मिळून मान खाली घातली.

"नशीब, मोडली तरी नाहीस! चिमाजी, पॉलिश पेपर आण आणि आत्ताच्या आत्ता घासायला बस. खालचं लाकूड दिसेपर्यंत उठायचं नाही."

"व्हय, मॅडम."

चिमाजीनं लेटर नीट घडी करून वरच्या खिशात ठेवलं, गिटार मांडीवर घेतली आणि अगदी हळूहळू घासायला सुरुवात केली. रिटायर व्हायला त्याला अजून सव्वीस वर्षं होती.