फेसवॉशमधला फेस

“बाई, फेसवॉशमधला फेस इंग्रजी की मराठी?”

मानवजातीचे मोठे प्रश्न मागच्या बाकावर तयार होतात आणि दुसऱ्या बाकावरून विचारले जातात. मागच्या बाकाला प्रश्न सुचतात, पण त्याला तोंड दाखवायचं नसतं. पहिल्या बाकाला उत्तरं पाठ असतात, त्यामुळे प्रश्नांशी त्याचं काही देणंघेणं नसतं. मी दुसऱ्या बाकावर बसते. मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी (त्यांची पुढारी चिमटी, हे नाव तिला कसं मिळालं ते माझ्या दंडाला विचारा) “हिंमत असेल तर विचारून दाखव” असं म्हटलं आणि विज्ञानाच्या भर तासाला मी उभी राहिले. त्या दिवसांत माझी हिंमत नुसती उतू जात होती. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाची निवेदिका म्हणून माझी निवड झाली होती. रंगमंच, माईक, समोर सगळी शाळा आणि तिचे पालक, आणि फाटकावर माझा हसरा फोटो असलेला बॅनर.

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मी वर्गाबाहेर उभं राहायच्या तयारीने पाण्याची बाटलीसुद्धा हातात घेतली होती. बाई म्हणाल्या, “चांगला प्रश्न आहे. घरातल्या बाटल्यांवरचे घटक वाच, कोण काय काम करतं ते शोध आणि सोमवारी सगळ्यांना सांग.”

ही पद्धत फार उपयुक्त आहे. विचारणाऱ्यालाच उत्तर शोधायला लावलं की वर्षभर पुन्हा कुणी काही विचारत नाही आणि अभ्यासक्रम वेळेत संपतो.

आता योगायोग असा, की निवड झाली आणि दुसऱ्याच सकाळी माझ्या चेहऱ्यावर एक समिती स्थापन झाली. कपाळावर एक सदस्य, नाकाच्या शेंड्यावर एक सदस्य आणि हनुवटीवर अध्यक्ष. अध्यक्ष आकाराने मोठे, रंगाने लाल आणि एकदा स्थानापन्न झाल्यावर न उठणारे, असे सर्व दृष्टींनी अध्यक्ष होते.

घरात आणीबाणी जाहीर झाली. सगळ्यात आधी आत्या आली. तिने माझा चेहरा खिडकीकडे वळवला, डावा गाल बघितला, उजवा गाल बघितला आणि आईला म्हणाली, “वहिनी, बॅनरवर नाक केवढं येणार, कल्पना आहे ना?” मग पर्समधून स्वतःची सुवर्णकणयुक्त बाटली काढून तिने आमच्या बेसिनवर ठेवली. ते बघून आईने तिची गुलाबाची दिली. दादाने कोळशाची दिली (“ए नकटे, सगळी संपवू नकोस”). बाबांनी त्यांची ‘खास पुरुषांसाठी’ दिली. माझी स्वतःची पिंपलवाली होतीच. अशा पाच बाटल्या झाल्या. इतकं एकमत आमच्या घरात टीव्हीवर काय लावायचं यावर कधी झालेलं नाही.

मी पाचही वापरल्या. एकीचा परिणाम दिसायच्या आत दुसरी. चेहरा असा ताणला गेला, की हसायच्या आधी परवानगी घ्यावी लागायची. गालावरून बोट फिरवलं की करकर वाजायचं. आई खूश झाली. “बघ, करकर वाजतंय. म्हणजे स्वच्छ निघालं.” समितीचे दोन्ही सदस्य सोलपटले. अध्यक्षांनी राजीनामा दिला नाही.

तेव्हा आई-बाबांनी मला समोर बसवलं. दोघंही एकाच वेळी प्रेमाने बोलायला लागले की समजावं, काहीतरी ठरलंय.

इथे दोघांची ओळख करून देणं भाग आहे. आई कपड्यांच्या अल्टरेशनचं काम करते. जे जास्त झालंय ते थोडं आत घेतलं की कुणाला दिसत नाही, यावर तिचा व्यवसाय आणि आयुष्य दोन्ही उभं आहे. बाबा विमा कंपनीत आहेत आणि कागदाच्या तळाशी जी बारीक अक्षरं असतात ती लिहितात. त्यामुळे बारीक अक्षरं ते मनावर घेत नाहीत. ठळक अक्षरांवर मात्र त्यांचा गाढ विश्वास आहे.

“अगं, तुझा आवाज किती गोड आहे,” आई म्हणाली.

“रेडिओवर कुठे कुणाचा चेहरा दिसतो?” बाबा म्हणाले.

“पडद्यामागून बोललीस तर काय बिघडलं? उलट सगळ्यांना उत्सुकता वाटेल, कोण बोलतंय म्हणून.”

“मुख्याध्यापिकांशी बोललोय मी. त्या म्हणाल्या, आवाज पोचल्याशी कारण. सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय.”

म्हणजे बॅनरही रद्द. भांडायचं तर बोलावं लागतं, आणि बोलायला चेहरा हलवावा लागतो. मी बेसिनपाशी गेले आणि बाईंचं काम करायला घेतलं, कारण अशा वेळी माणसाला अभ्यासच उरतो. (आई-वडिलांना हे माहीत असतं.)

बाबांचं भिंग घेतलं आणि वाचायला बसले. बाटलीला दोन बाजू असतात. पुढची बाजू वाचून बाटली घरी येते. मागची बाजू बाटली संपेपर्यंत बेसिनच्या भिंतीकडे तोंड करून उभी असते. नियम असा आहे, की जो घटक सगळ्यात जास्त त्याचं नाव आधी लिहायचं. पाचही बाटल्यांत पहिलं नाव एकच होतं: अ‍ॅक्वा.

“बघ,” आई म्हणाली, “चांगल्यातलं चांगलं आधी घातलंय.”

मी शब्दकोश काढला. अ‍ॅक्वा म्हणजे पाणी. पाण्याला पाणी म्हटलं की ते नळातून येतं आणि अ‍ॅक्वा म्हटलं की बाटलीतून. सोनं असो, कोळसा असो, पुरुष असो, सगळ्यांचा पाया पाणी हाच आहे. नळ उघडून चेहऱ्यावर मारायचं ते पाणी वेगळं आणि त्यासाठी दुकानातून आणायचं ते पाणी वेगळं, असं आमच्या घरात दुहेरी पाणीपुरवठा आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.

त्यानंतर मळ काढणारी मंडळी. यांची नावं कोकामिडोप्रोपिल बीटेन अशी असतात (एका दमात म्हणता आलं तर छाती ठणठणीत आहे असं समजावं). खरं काम यांचंच. तेलाचं आणि पाण्याचं पटत नाही हे जगजाहीर आहे. हा घटक म्हणजे दोन्ही घरांशी बोलणं ठेवून असलेली मावशी. एका हाताने ती चेहऱ्यावरच्या तेलाला धरते, दुसऱ्या हाताने पाण्याला, आणि “चल गं, सोडते तुला दारापर्यंत” म्हणत तेलाला घराबाहेर काढते. काही मावश्या सौम्य असतात, फक्त पाहुण्यांना बाहेर काढतात. काही कडक असतात, पाहुण्यांबरोबर घरच्यांनाही काढतात. त्वचेला स्वतःसाठी लागणारं तेलही जातं, आणि मग गाल वाजतो. बाबांच्या बाटलीतली मावशी कडक निघाली. ‘खास पुरुषांसाठी’ याचा बाकी अर्थ मला एवढाच सापडला, की बाटली काळी आहे आणि झाकण उघडत नाही.

त्यापुढे ग्लिसरीन. हे ओलावा धरून ठेवतं. मावशीने जे नेलं त्याबद्दलची ही दिलगिरी. मग सुगंध. तो चेहऱ्यासाठी नसून नाकासाठी आहे, पण नाक चेहऱ्यावरच असल्याने हरकत घेता येत नाही. मग बाटली नासू नये म्हणून घातलेला घटक, तो अगदी चिमूटभर पुरतो.

आणि या चिमूटभराच्याही मागे, रंगाच्या थोडं अलीकडे, आत्याचं सोनं सापडलं. गुलाबही तिथेच होता, कोळसाही जवळपासच. वर्गाच्या फोटोत सगळ्यात मागच्या रांगेत ज्याचा नुसता भांग दिसतो त्याचंच चित्र वाढवून पुढे लावावं, तशी ही रचना होती. यात फसवणूक काहीच नाही. सोनं आहे असं म्हटलंय आणि सोनं आहे. कुठे आहे हे कुणी विचारलं नाही.

माझ्या बाटलीत सॅलिसिलिक आम्ल होतं. हा घटक मात्र कामाचा. तो तेलात विरघळतो, बुजलेल्या छिद्रात शिरतो आणि ते मोकळं करतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो. मी फेस काढते, खळाखळा धुते आणि तो शिरायच्या आत त्याला वाहवून टाकते. म्हणजे इतकी वर्षं आमच्या घरातली सगळी सोन्या-गुलाबाची, कोळशाची आणि आम्लाची निगा जाते कुठे, तर बेसिनच्या जाळीतून खाली. मी वाकून बघितलं. खालच्या पाइपाला आजवर एकही पिंपल आलेला नाही.

बाबा मदतीला आले ते ‘फ्री’वर. माझ्या बाटलीवर ठळक अक्षरांत छापलंय: सोप-फ्री, सल्फेट-फ्री, पॅराबेन-फ्री. ती बाटली आणली तेव्हाच बाबांच्या हे लक्षात आलं होतं आणि ते दुकानात परत गेले होते. ही हकिगत त्यांनी मला अभिमानाने सांगितली.

“मी म्हटलं, अहो, सोप फ्री लिहिलंय, साबण कुठाय? त्याने बाटली बघितली, मला बघितलं आणि गुपचूप एक साबण काढून दिला. मागितल्याशिवाय देत नाहीत हे लोक.”

“आणि सल्फेट?”

“संपलंय म्हणाला. माल आला की फोन करतो.”

“पॅराबेन?”

“ते पण त्याच गाडीत येतं.”

“बाबा, फ्री म्हणजे ते आत नाहीये.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हणजे जे नाहीये त्याची यादी छापलीय?”

“हो.”

“ठळक?”

“ठळक.”

त्यांनी बाटली उलटसुलट करून बघितली. मग आदराने म्हणाले, “हे आमच्या ऑफिसला सुचायला हवं होतं.” खरंच आहे. या हिशेबाने ती बाटली दगड-फ्री, छत्री-फ्री आणि मगर-फ्रीसुद्धा आहे. छापायला जागा पुरली नसेल.

सोमवारी मी फळ्यापुढे उभी राहिले, समितीसह. पडदा नव्हता. मी सगळं सांगितलं: अ‍ॅक्वा, मावशी, दिलगिरी, मागच्या रांगेतलं सोनं. शेवटी मूळ प्रश्नाचा निकाल दिला. बाटलीवर इंग्रजी फेस छापतात, म्हणजे चेहरा. आत मराठी फेस देतात, म्हणजे फेस. मळ मावशी काढते, फेस नुसता तिच्या कामाची जाहिरात करतो. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं काही नाही. आपण मात्र मराठी बघून इंग्रजीचा अंदाज बांधतो.

“आणि करकर?” बाईंनी विचारलं.

“आई म्हणते, वाजलं की स्वच्छ.”

“ताट वाजावं. गाल नाही,” बाई म्हणाल्या. “सौम्य असेल ते एकच घे, सकाळ-संध्याकाळ, आणि बाकी हात लावू नकोस. वेळ लागतो.”

हे मी लिहून घ्यायला हवं होतं, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. मला भीती होती की पूर्ण वर्ग माझ्या हनुवटीकडे बघेल. मी ‘छिद्र’ हा शब्द उच्चारला आणि वर्गातले सगळे हात एकदम वर आले. प्रश्न विचारायला नव्हे. चिमटीचा कपाळाकडे गेला, पहिल्या बाकाचा नाकाकडे, खिडकीपाशी बसणाऱ्या उंच मुलाचा दोन्ही गालांकडे. बाईंचा, नकळत, चष्म्याखाली. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपापली समिती होती आणि प्रत्येकजण तिच्या बैठकीला हजर होता. चिमटी तर मधल्या सुट्टीत म्हणाली, “माझं कपाळ दिसत होतं का गं तिथून?” मी तिला विचारलं, “आणि माझी हनुवटी?”

“तिचं काय?” चिमटी म्हणाली.

त्या संध्याकाळी बाबा फोन हातात घेऊन बसले होते. मुख्याध्यापिकांचा नंबर काढलेला होता. आईच्या मांडीवर कुणाचीतरी पँट होती आणि तोंडात टाचणी.

“मग काय कळवू?” बाबांनी विचारलं. “पडद्यामागे ना?”

मी उभी राहिले, कारण निवेदिकेने उभं राहूनच बोलायचं असतं.

“आई-बाबांना कळवण्यात येतं,” मी म्हटलं, “की मी पडद्यापुढे उभी राहणार आहे. आत काहीही घेतलं जाणार नाही, अध्यक्षसुद्धा जागेवरच राहतील. बॅनर लागेल, आणि त्यावर माझ्या नावाखाली ठळक अक्षरांत छापून घ्यावं: पिंपल-फ्री. बाबा, तुम्हाला समजतो त्याच अर्थाने. एका निवेदिकेवर तीन पिंपल फ्री, न मागता. आणि हे ऐकताना ज्यांचा ज्यांचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला असेल त्यांच्यासाठी पहिली रांग राखीव आहे. आई, टाचणी काढ आणि हात खाली घे. बाबा, तुम्ही पण.”

(तुमची खुर्ची त्यांच्या शेजारीच आहे. या बसा.)